यंदाची सीतादही

बायको चैतात गेली. पेरणी तिच्याशिवाय झाली, निंदण-डवरणही झालं. तेव्हा मला एवढं लागलं नाही. माणसं लावली, कामं झाली. पण दिवाळी तोंडावर आली आणि एका सकाळी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभा राहिलो, तर खालची बोंडं उमललेली. मी मागं वळून बोललो, "फुटला वं कापूस." मागं बैल होता. त्यानं कान हलवला.

आमच्याकडं पहिली वेचणी लावायच्या आधी घरची बाई वावरात सीतादही करते. पराटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या बुडाशी खडे मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा. मग पहिल्या बोंडातला कापूस काढून त्याचा धागा लांबवत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर न्यायचा. हे झाल्याशिवाय कोणी वेचायला हात घालत नाही. माझ्या बायकोचा धागा वाकड्यातिकड्या ओळीतूनही तुटत नसे. धागा चालू असला की ती बोलत नसे. एरवी ती गप्प बसल्याचं मला आठवत नाही.

आमचं भांडण दरसाल यावरूनच व्हायचं. दिग्रसच्या बाजारात कापूस खरेदीचा मुहूर्त होतो. त्या दिवशी जी गाडी पहिली काट्यावर लागते, तिच्या मालकाला हार घालतात, शेला देतात. माझा बाप दुसऱ्याच्या घरी सालदार होता. हार मालकाच्या गळ्यात, कासरा बापाच्या हातात, आणि मी बापाच्या मांडीवर, असं एकदा लहानपणी पाहिलं. ते मनात राहिलं. स्वतःचं वावर झाल्यावर मला दुसरं काही सुचेना. पहिली गाडी माझी पाहिजे. त्याची मला लाज नाही.

ती मात्र ऐकत नसे. म्हणायची, "बोंड अर्धंच उघडलं. सारेच काही तुमच्यासारखे तोंड वासून नाही बसत."

"लोकायची वेचणी अर्धी झाली वं!"

"मंग लोकायच्या घरी जाऊन राहा."

दव वाळल्याशिवाय वेचू द्यायची नाही. तिच्या मनासारखा दिवस आल्याशिवाय दही लावायची नाही. त्यामुळं मी बहुतेक वर्षी मागंच राहिलो. दोनदा पहिला आलो, तेही नशिबानं. हार घालून घरी आलो, तर दोन्ही वेळा तिनं तो माझ्या गळ्यातून काढला आणि बैलाच्या गळ्यात टाकला. "गाडी कोनं ओढली?" एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. मला वाटायचं, हिला काही कौतुकच नाही.

तर यंदा कापूस फुटला, आणि शेजारच्या वावरातला पोरगा धुऱ्यावर आला. पोरगा म्हणजे दोन लेकरांचा बाप आहे, पण मला काका म्हणतो.

"काका, यंदा पहिली गाडी तुमचीच."

"कायले रे?"

"वर्षाच्या आत तुमच्या घरी सण नाही, सीतादही नाही. आमच्या घरची तर अजून दिवस पाहून राह्यली. तुम्ही उद्याच बाया लावा अन् मोकळे व्हा."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. हिशोब बरोबर होता. आयुष्यभर जी मला मागं खेचत होती, ती नव्हती. रस्ता मोकळा होता. मी तिथंच धुऱ्यावर बसलो. उठावंसं वाटेना.

घरी आल्यावर सुनेला म्हणालो, "सीतादही करू."

"मामाजी, वर्ष नाही झालं. लोक बोलतीन."

"बोलू दे. त्यायले तेवढंच येते."

"मी करू का मंग?"

"तुले धागा येते?"

"नाही. आत्याबाई कोनाले हातच लावू नव्हत्या देत."

"मले बी नाही येत."

 संध्याकाळी तिनं दुधाला विरजण लावलेलं मी पाहिलं.

वेचायला एक म्हातारी येते. तिचं घर विहाराजवळ आहे. ती आणि माझी बायको तरण्या होत्या तेव्हापासून शेजारशेजारच्या ओळीत वेचायच्या. तिच्या घरी पूजा-अर्चा नाही. दरसाल ती धागा होईपर्यंत बाजूला उभी राहायची आणि दहीभात पहिला तिलाच मिळायचा. मी निरोप धाडला तर म्हणाली, "पूजा तुमची तुम्ही करा भाऊ. दहीभात मात्र आना. थो तिनं एक साल नाही चुकवला."

दव वाळल्यावर मी खडे मांडले. सुनेनं कुंकवाचा करंडा दिला होता, तो मी उघडला नाही. तो बायकोचा. कापूस काढला आणि ओढला. तुटला. दुसरा काढला, तोही तुटला. माझी बोटं कासऱ्याची, त्यांना एवढं हलकं काही धरायची सवय नाही.

म्हातारी हसायला लागली. "बैल नोहे थो! कायले वढून राह्यले?"

"मंग ती कशी करे?"

"मले काय माहीत? मी तिच्या तोंडाकडे पाहो. श्वास धरून राहे ती."

मी श्वास धरला. धागा या झाडावरून त्या झाडावर गेला आणि तिथं संपला. दोन झाडं. बायकोचा धुऱ्यापर्यंत जायचा.

"झालं," म्हातारी म्हणाली. "आना दहीभात."

मग मी वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधली. आमच्यात गडीमाणूस वेचत नाही. तो गाठोडी बांधतो, उचलतो, बायांवर ओरडतो. मी जन्मभर तेच केलं. म्हातारी दोन्ही हातांनी वेचत पुढं निघाली, मी एका हातानं मागं. थोड्या वेळानं ती न वळताच म्हणाली, "तुमची गाडी पहिली आलती नं, तवा तिनं लय वात आनला होता."

"कोनं?"

"तुमच्या घरचीनं. आठवडाभर ओळीत तेच. माह्या मानसाची गाडी पहिली, माह्या मानसाची गाडी पहिली. बाया म्हनत, आता पुरे कर माय."

मी ओळीतच थांबलो. मला ती एक शब्द बोलली नव्हती. हार बैलाच्या गळ्यात टाकला होता.

"मले काहून नाही सांगतलं तिनं?"

"तुम्ही मंग आनखी उड्या मारल्या असत्या," म्हातारी म्हणाली.

तेव्हापासून मला एकच वाटत राहतं, की तिला ते बोलताना एकदा ऐकायला पाहिजे होतं. ओळीच्या मागं कुठंतरी, पराटीत बसून. बाजारातल्या हाराची, शेल्याची आता मला आठवणही होत नाही.

माझ्या चालीनं मुहूर्ताला कापूस निघणारच नव्हता. ज्यादा बाया लावल्या असत्या तर निघाला असता. लावल्या नाहीत. शेजारच्या पोरानं घाई केली आणि यंदा पहिली गाडी त्याची लागली. बाजारातून परतताना तो हार गळ्यात घालून थेट माझ्या दारात आला. पाया पडला. जरा शरमला होता.

"काका, तुमची जागा घेतली मी."

सून म्हणाली, "बसा भाऊजी, चहा ठेवते."

"नको ठेवू त्याले चहा," मी म्हणालो. "लेका, घरी गेलता का तू?"

"नाही अजून. म्हनलं आधी काकाले..."

"काकाले काय पाहतं? बायकोले दाखव जाय. ती काही म्हननार नाही. तोंड वाकडं करीन. तरी दाखव."

"ती तर निघतानाच म्हने, कापूस वल्लाच नेता."

"म्हनू दे. जाय तू."

तो गेला. मी ओसरीवर बसून माझा कापूस निवडत होतो. माझ्या वेचणीत पचोळा फार येतो, वाळलं पान चिकटून राहतं. बायकोच्या कापसात पान दिसत नसे. सून म्हणाली, मामाजी, राहू द्या, मी करते. मी म्हणालो, मले करू दे. उन्हं ओसरीवरून उतरली तरी निम्मं गाठोडं निवडायचं होतं.