दहा मिनिटं पुढचं घड्याळ

दुकानात आले की चाचा आधी मनगटावरचं घड्याळ बघत, मग वाकून कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली वेळ. "पहिलं टाइम बघा, भाऊ. टाइम खोटा असला तर कोणतीच साइट आपल्याला दारात उभं करत नाय." सलाम-नमस्कार त्यानंतर.

औरंगपुऱ्यात जिना चढून माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकटातली सिस्टिम टाकून दिली ती चाचांनीच. साठी ओलांडलेला माणूस, खिशात धूळ झाडायला जुना टूथब्रश. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. बिघाड झाल्याशिवाय आपल्याला त्यांची आठवण होत नाही.

भिंतीवरचं घड्याळ मी दहा मिनिटं पुढं ठेवायचो, म्हणजे गिऱ्हाईक घाई करतं. चाचांना ते मुळीच खपत नसे. "घड्याळ ढकलून दिवस मोठा होतो व्हय?" मी हसायचो. कोणाचं ऐकेन तर मी कसला!

एका दुपारी वैजापूरहून एक बाई मुलीला घेऊन आल्या. नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस, पाचला साइट बंद. सगळे कागद स्कॅन करून झाले आणि लाइट गेली. परत आली तेव्हा कॉम्प्युटरची तारीख कैक वर्षं मागं गेलेली, इंटरनेट जोडतंय न जोडतंय तोच तुटतंय, आणि साइट काही उघडेना.

आतला वेळ धरून ठेवणारा सेल संपलाय, मी येईपर्यंत हात लावू नका, असं चाचांनी आठवड्यापूर्वीच बजावलं होतं. मी शहाणा! इंटरनेट जोरात चालावं म्हणून एक व्हिडिओ बघून नेटवर्क सांभाळणारा आणखी एक प्रोग्राम टाकून बसलो होतो. आता चाचांनाच फोन लावला.

कठडा धरत ते वर आले. चेहरा उतरलेला.

"पाणी घ्या, चाचा."

"नंतर." काळ्या स्क्रीनवर त्यांची बोटं चालू लागली. "दोघं मिळून एकच लाइन ओढतायत. एक जोडतो, दुसरा तोडतो. एका म्यानात दोन तलवारी! ही दुसरी कुणी घातली?"

त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, पण त्या मायलेकींसमोर काही बोलले नाहीत.

माझी नजर भिंतीवर गेली. पाचला पाच कमी. "ताई, आता नाही होत," मी म्हणालो. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आई मुकाट्यानं कागद पिशवीत घालू लागली.

चाचांनी मान वर न करता मनगट पुढं केलं. "बस, बेटा. आत्ताशी पावणेपाच झालेत. भाऊंचं घड्याळ झूठ बोलतं."

मीच पुढं ढकललेलं घड्याळ, आणि मीच त्याला भ्यालो! फार लाज वाटली.

दुसरा प्रोग्राम त्यांनी बंद केला, पुन्हा आपोआप सुरू होणार नाही असा. लाइन टिकली. क्षणात कोपऱ्यातली वेळ आपली आपण ठीक झाली, साइट उघडली, आणि चार मिनिटं राखून फॉर्म गेला. मुलगी पाया पडायला वाकली तर चाचा मागं सरले. "अगं, शिक आधी. मग माझा बीपी बघायला ये."

मी खाली चहा सांगायला गेलो. परतलो तर मायलेकी गेलेल्या, चाचा धापा टाकत बसलेले, आणि स्टूल भिंतीपाशी. मी ते जागेवर ठेवलं. अर्धा चहा पिऊन ते उठले. "उद्या सेल बदलतो."

दुसऱ्या दिवशी फोन आला तो त्यांच्या शेजाऱ्यांचा. झोपेतच गेले. दुपारच्या नमाजनंतर, दोन वाजता मशिदीतून जनाजा उठणार होता.

निघण्याआधी भिंतीवर पाहिलं. पावणेदोन. सवयीनं दहा मिनिटं वजा केली आणि हातातला फॉर्म पुरा करून निघालो. पोचलो तेव्हा मशिदीचं अंगण रिकामं होतं. जनाजा गेला होता. जो माणूस माझ्या एका हाकेसरशी तो जिना चढला, त्याला मला खांदा देता आला नाही. कब्रस्तानात धावत जाऊन मूठभर माती तेवढी दिली.

संध्याकाळी दुकान उघडलं. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात सहा वाजून सात मिनिटं. भिंतीवरही सहा वाजून सात.