शिंक्यातलं परकं झाड

दिवेलागणीला पडवीत तो वास यायचा. तुळशीपुढं वात लावून मी उंबऱ्याकडे वळले, की छपराखाली टांगलेल्या शिंक्यातून तो हलकेच खाली उतरायचा, आणि ज्या घरातले सारे गंध मला डोळे मिटून सांगता येत होते, त्याच घरात मी क्षणभर परकी व्हायची. सुरंगीची फुलं मला लांबूनही वासावरून ओळखू यायची. परसातली मोगरी, उन्हात घातलेल्या सुकटीचा उग्र दर्प, पाणी मारलेल्या चिऱ्यांचा थंडावा, यांपैकी कशातच तो वास बसत नव्हता. लवंगेसारखा म्हणावा तर त्यात गोडवा, आणि गोड म्हणावा तर मागं औषधासारखं काहीतरी रेंगाळणारं. फुलं पांढरीशुभ्र, कर्ण्याच्या घाटाची. पानं मऊ, लवदार आणि हात लावला की बोटांना चिकटणारी. फांद्यांना ताठ उभं राहणं माहीतच नव्हतं, म्हणून सासूबाईंनी दह्याचं शिंकं रिकामं करून त्यात ती कुंडी बसवली होती. मला ते झाड आवडत नव्हतं. त्याचं नाव मात्र कळायलाच हवं होतं, कारण ते माझ्या नवऱ्यानं पाठवलं होतं, आणि नवरा कुठं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

ते विलायती बोटीवर नोकरीला होते. शेवटचं पत्र एडनहून आलं, त्यावर दोन पावसाळे उलटले. आमच्या किनाऱ्यावर अशा गोष्टींचा गवगवा करत नाहीत. शेजारणी कुंकवाकडे बघतात आणि भाताच्या भावाविषयी बोलतात. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, मुलींकडून नद्यांची आणि बंदरांची नावं घोकून घेत होते, आणि जगाच्या नकाशासमोर छडी धरून उभी राहिले की माझा हात त्या निळ्या रंगावरून उगाच फिरत राहायचा.

मार्गशीर्षात एका सकाळी नाटे गावचे हुसेनभाई दारात आले. तेही बोटीवरचेच, आमच्या घरी जुनी ये-जा असलेले. जैतापूरला उतरून सरळ घरी जायचं सोडून ते मुद्दाम रत्नागिरीला उतरले होते, आणि हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक पत्र्याचा डबा होता.

"मुंबईला आमच्या खोलीत गेलो, तर हे खिडकीत होतं," ते म्हणाले. "कोणी आणून ठेवलान ते कोणाला ठाव नाय. खलाशी येतात, जातात. डब्यावर तुमच्या घरचं नाव बघितलं, म्हटलं पोचवावं."

डब्यावर तेलरंगानं लिहिलेलं अक्षर माझ्या नवऱ्याचंच होतं. मी आत हात घालून चाचपून पाहिलं. कुंडी, माती, झाड. "आणि चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाय, वैनी. असती तर आधी तीच नसती का दिली?"

कुंडीतली माती काळी होती. आमच्या लाल मातीत जन्म गेलेल्या माणसांना काळी माती म्हणजे दूर देशच; सासूबाईंनी ती चिमटीत घेऊन हुंगली आणि म्हणाल्या, "बघ गो, कुठच्या कुठं पोचलाय." त्याच क्षणी आमच्या दोघींच्या मनानं घेतलं, की कोणत्यातरी लांबच्या बंदरावर त्यांनी हे झाड घेतलं आणि घरी परतणाऱ्या एखाद्या सोबत्याच्या हाती दिलं. मग झाडाचं नाव कळलं की मुलूख कळेल, मुलूख कळला की बंदर, आणि बंदर कळलं की निदान कुठं विचारायचं ते तरी कळेल. हा हिशेब मला इतका पक्का वाटला, की शाळेतून येता-जाता मी एक फूल रुमालात घेऊन हिंडू लागले.

लोकांना नाव ठाऊक नसलं तरी मत असतंच. एकीनं त्याला विलायती मोगरा ठरवलं. वैद्यबुवांनी फूल उलटंपालटं करून पाहिलं, देठ नखानं चिरला, हुंगला आणि म्हणाले, "धोत्र्याच्या कुळातलं दिसतंय. पोटात जाऊ देऊ नका." त्या दिवसापासून सासूबाई शिंक्याखालून जाताना पदर डोक्यावर घेत, आणि तरीही पाणी घालायचं काम मला करू देत नसत. मी चिडचिडी झाले होते. वर्गात मुलींवर ओरडायची, भात करपवायची, बोटीचा भोंगा ऐकू आला की हातातलं काम टाकून पडवीत यायची आणि कुणी विचारलं तर वाळवण बघायला आले म्हणून सांगायची. संध्याकाळ तर नकोशी व्हायची. त्या वासाला माझ्या नवऱ्याचा ठावठिकाणा माहीत होता आणि तो सांगत नव्हता, असा काहीतरी वेडा राग मनात यायचा.

शेवटी सासूबाईंनी देवाला कौल लावायचं ठरवलं. आमच्या ग्रामदेवतेच्या पाषाणावर ओली फुलं चिकटवून प्रश्न विचारतात. उजवं फूल आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. सासूबाईंनी याच झाडाची दोन फुलं पदराखाली नेली. गुरवानं ती हातात घेतली आणि तो थबकला. "आये, नाव नसलेलं फूल देवाला कसा लावू?"

"त्याचं नाव विचारूक नाय आलंय मी," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पोराचं विचार."

त्यानं फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं. गाभाऱ्यात समईचा मंद उजेड, काळ्या ओल्या पाषाणावर ती दोन पांढरी फुलं, आणि त्यांच्याकडे टक लावून बसलेल्या आम्ही दोघी. पाणी सुकलं. बाहेरची सावली पायरीवरून सरकत अंगणात गेली. एकही फूल पडलं नाही. पडणार कसं? त्याच्या देठाला आणि बुडाला जो चीक होता, तो माझ्या बोटांना रोज छळत होता. मला ते कळत होतं, आणि कळत असूनही मी उजव्या फुलावरची नजर काढू शकत नव्हते.

"देव बोलत नाय आज," गुरव ओशाळून म्हणाला.

"बोलला की," सासूबाई उठत म्हणाल्या. "धरून ठेवलान त्याला. सोडलान नाय."

त्या रात्री त्या पोटभर जेवल्या. मला त्यांचा हेवा वाटला.

माघ सरत आला असताना शाळेत मुलींना देवी टोचायला दवाखान्यातल्या नव्या नर्सबाई आल्या. त्यांचा जन्म गिरगावातला, बोलणं भराभर, हसणं त्याहून भराभर. काम आटोपल्यावर पाणी प्यायला म्हणून त्या माझ्याबरोबर घरी आल्या, आणि पडवीत पाय ठेवताच मान वर करून म्हणाल्या, "अय्या, पिटुनिया! इथं कुठून आला हा?"

मी त्यांना नाव पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, "हे झाड कोणत्या देशात होतं?"

"मूळचं असेल कुठल्यातरी साहेबाच्या देशाचं. पण मुंबईत थंडी पडली की माळी टोपल्यात घेऊन दारोदार फिरतात. बंगल्यांच्या सज्जात तारेच्या टोपल्यांतून हेच लोंबत असतं." त्यांनी एक सुकलेलं फूल खुडलं. "दिवाळीच्या सुमाराला बी पेरतात, चैत्र-वैशाखात झाड संपतं. एका मोसमाचं आयुष्य."

"बोटीवरून आलं असेल, परदेशातून?"

"हे? एवढं नाजूक? महिनाभराच्या खाऱ्या वाऱ्यात टिकलं असतं होय? हे मुंबईचंच, बाई. यंदाच घेतलेलं."

त्या पाणी पिऊन गेल्या. मी तिथंच खांबाला टेकून उभी राहिले. मुंबई. सकाळी बोटीत बसलेला माणूस दिवस मावळून गेल्यावर आमच्या बंदरात उतरतो, इतकी जवळची मुंबई. ते तिथं होते. एखाद्या माळ्याच्या टोपलीपुढं उभे राहून त्यांनी त्यातलं एक झाड निवडलं होतं, डब्यावर घरचं नाव लिहिलं होतं, खलाशांच्या खोलीपर्यंत चालत गेले होते, आणि तिथून मागं फिरले होते. का, ते मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. जिवंत आहेत म्हणून माझे डोळे भरून आले, आणि त्याच अश्रूंत असा संताप होता, की समुद्रानं नेलं असतं तर बरं, हा विचारही मनाला शिवून गेला. समुद्रानं नेलं असतं तर मी रडले असते, कुंकू पुसलं असतं, आणि कधीतरी स्वस्थ झाले असते.

सासूबाई विहिरीवरून आल्या तेव्हा मी आडपडदा न ठेवता सांगितलं. "आये, तुमचा मुलगा मुंबईत आहे. धडधाकट आहे आणि घरी येत नाही."

त्यांनी कळशी खाली ठेवली. मान वर करून शिंक्याकडे पाहिलं.

"जेवत असेल ना गो वेळेवर?" त्यांनी विचारलं.

मी कळशी उचलून आत गेले. पण त्या एका प्रश्नानं माझ्या संतापातली धार काढून घेतली, हे कबूल केलं पाहिजे. आम्ही दोघी एकाच माणसाची वाट पाहत होतो, आणि ती वाट किती वेगळी होती.

वैशाखात झाड वाळलं. मी ते उकिरड्यावर टाकणार, तोच सासूबाईंनी त्याची तपकिरी बोंडं चोळून धुळीसारखं बारीक बी पदराच्या गाठीला बांधलं. पावसाळाभर बंदर बंद राहिलं, बोटी थांबल्या, आणि चिडून का होईना मला जरा झोप लागली. दिवाळी झाल्यावर त्यांनी ते बी आमच्या लाल मातीत शेणखत मिसळून पेरलं. उगवेल असं मला वाटलं नव्हतं. हिरवा बुरा यावा तशी रोपं आली, पौषात त्यांना कळ्या धरल्या, आणि पुन्हा एकदा दिवेलागणीला पडवीत तो वास उतरू लागला.

हुसेनभाई मुंबईला निघाले म्हणून भेटायला आले, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्यापुढं तोच पत्र्याचा डबा ठेवला. आत कुंडी, कुंडीत लाल माती, मातीत ते झाड.

"खोलीच्या खिडकीत ठेव," त्या म्हणाल्या. "ज्यानं पहिलं ठेवलान, तो कधीतरी बघील. माती ओळखील."

हुसेनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी देता का, असं त्यांना विचारायचं होतं, हे मला दिसलं. लिहायला माझ्याकडे इतकं होतं, की कागद हाती घ्यायचं धाडस झालं नाही. मी डबा ओढून घेतला आणि उमललेली सगळी फुलं एकेक करून खुडून टाकली. प्रवासात ती तशीही कोमेजली असती. कळ्या राहू दिल्या. मग गोणपाट भिजवून गुंडाळलं आणि गाठ मारली. गाठ मीच मारली.

संध्याकाळी बोटीचा भोंगा वाजला. मी पडवीत आले नाही. चुलीपुढं बसून राहिले. हात दोनदा धुतले होते, तरी बोटं एकमेकांना चिकटत होती.