सकीनाखाला आणि भिक्याचा कोट

सकीनाखाला लहान मुलांचं माप घ्यायची ती बोरं तोडायला लावून. तिच्या घरात बोराचं झाड कुठलं असणार! पोर समोर उभं केलं की ती छपराकडे बोट दाखवून म्हणायची, "ते पाय, वरतं बोर हाये. तोड बरं." पोर टाचा उंचावून दोन्ही हात वर करी, आणि तेवढ्यात खालाची वीत बगलेपासून कमरेपर्यंत फिरून आलेली असे. तिला लिहिता येत नव्हतं. मापाच्या जागी सुतळीला गाठी मारून ती सुतळी ती खुंटीला अडकवायची. एका पोराची एक सुतळी. "हात खाली ठेवून माप घेतलं का कपडा मुर्द्याले बरोबर येते," ती म्हणे. "जितं पोट्टं हात वर करते."

आमचं घर नांदुऱ्याला, स्टेशनाच्या अलीकडे, कापसाच्या जिनाला लागून. वडील जिनात कारकून होते. आमची आणि सकीनाखालाची भिंत एकच. तिचा नवरा गाद्या भरायचा. तो गेला तेव्हा तिच्यामागे एक हातमशीन होतं आणि मूलबाळ काही नव्हतं. ती फक्त लहान मुलांचे कपडे शिवायची. एखादा बाप्या सदऱ्याचं कापड घेऊन आलाच तर त्याला दारातूनच सांगायची, "तुमचं वाढनं झालं बापा. आता कोनी बी शिवते तुमचं."

पोरांवर तिचा जीव होता, पण बारशाला ती कुणाकडे जात नसे. बोलावणं आलं तर झबलं शिवून माझ्यासारख्या एखाद्या पोरीच्या हाती पाठवायची. ती समोर आली की काही बाया तान्ह्या पोराच्या तोंडावर पदर ओढतात, हे तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. त्या बायांची नावं मी अजून विसरलेले नाही, पण त्या सगळ्या आता देवाघरी गेल्या, तेव्हा जाऊ द्या.

माझ्यानंतर आईला दोन मुलं झाली. दोघांसाठी तिनं हौसेनं नवं झबलं-टोपडं स्वतःच्या हातानं शिवलं. एक आठव्या महिन्यात गेलं, दुसरं दीड वर्षाचं होऊन. मग हा भाऊ झाला. कागदावर प्रभाकर, पण मरणाची नजर जाऊ नये म्हणून हाक मारायला भिक्या. पाच वर्षं पूर्ण होईस्तोवर याच्या नावानं नवा टाका घालायचा नाही, असं आईनं ठरवून टाकलं. भिक्या लोकांच्या पोरांचे उतरलेले सदरे घालून वाढत होता. आई अडाणी नव्हती हो. सातवी पास होती, वर्तमानपत्र वाचायची. पण दोन मुलं मातीत ठेवून आलेल्या बाईला शहाणपण शिकवायला मी तरी जाणार नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आई म्हणायची, आधी मध्य प्रदेश, मग मुंबई, आता हे; आपण न हलता तिसऱ्या राज्यात आलो, थंडी मात्र तीच. त्या वर्षी ती जरा जास्तच होती. भिक्या साडेतीन वर्षांचा, आणि दिवाळीपासून त्याची छाती भरलेली. रात्रंदिवस खोकायचा. गोधडी पांघरली तर दोन मिनिटांत टाकून पळायचा. खामगावच्या डॉक्टरांनी वडिलांना स्पष्ट सांगितलं, "औषध मी देतो, पण छाती अशी उघडी राहिली तर माझं औषध पाण्यात. अस्तर लावून गरम कोट शिवा, आणि अंगावरून काढू नका." वडील त्याच पावली बाजारात गेले आणि निळं लोकरीचं कापड घेऊन आले.

आईनं कापड हातात घेतलं, ट्रंकेत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

वडील मवाळ माणूस. घरात त्यांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "कमल, पोरगं थंडीनं गेलं तर?"

"अन् कोटानं गेलं तर?" आई म्हणाली.

 वडील बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आत भिक्या खोकत होता.

भिंत एकच असल्यामुळे पलीकडे सगळं ऐकू जाई. दुसऱ्या दिवशी सकाळी सकीनाखाला आमच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. आई चुलीपाशी होती. खाला म्हणाली, "कमल, पोट्टं मले इकून टाक."

आमच्याकडे ही जुनी रीत होती. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथलं मूल दुसऱ्या बाईच्या पदरात टाकायचं आणि तिच्याकडून ओंजळभर ज्वारी घ्यायची. मूल राहतं आपल्याच घरी, पण नावाला तिचं. पाच वर्षं झाली की तीच ज्वारी परत देऊन सोडवून आणायचं. पण घेणारी बाई लेकुरवाळी बघतात. आमच्याकडे विरजण मागायला आलेली समोरची काकू हे ऐकून थबकली आणि म्हणाली, "अवं, जिच्या पोटी काही नाही तिच्या पदरात टाकते का कोनी?" हळू म्हणायची तसदीसुद्धा तिनं घेतली नाही.

मला वाटलं, आता खाला निघून जाणार. ती उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "बराबर बोलून राह्यली तू. मरनाले बी माईत हाये, सकीनाच्या घरी पोरगं नाही. मंग ते तिथी पाहाले कायले येईन?"

आईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं.  मग हात धुऊन तिनं भिक्याला उचललं आणि खालाच्या पदरात ठेवलं. तो खोकत खोकत खालाच्या बांगड्यांशी खेळायला लागला. खालानं ज्वारी आणली, आईच्या ओंजळीत ओतली आणि लगेच हात पुढे केला. "किल्ली दे. माह्या पोराले मी काय शिवीन ते माही मर्जी. तू कोन आडवी येनारी?"

कोट शिवायला तिला चार दिवस लागले, आणि शाळा सुटली की मी तिथेच. लोकरीचं कापड तिनं आधी पाण्यातून काढून सावलीत वाळवलं, म्हणजे काय आटायचं ते शिवायच्या आधीच आटून जावं. अस्तराला तिनं नवं कापड घेतलं नाही. आईचं जुनं लुगडं मागून घेतलं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. आई म्हणाली, "इतकं जुनं?" तर म्हणे, "नवं टोचते. अन् याले आटाचं काय रायलं? जितकं आटाचं तितकं आटलं, तुह्यासारखं." आई कित्येक दिवसांनी हसली.

अस्तर तिनं वरच्या कापडापेक्षा दोन बोटं मोठं कापलं. मला वाटलं, चुकली. मी तसं म्हणालेही. पुढे मी मास्तरीण झाले, पण मास्तरकी तेव्हापासूनच अंगात. ती म्हणाली, "वरचं कापड ताठ राह्यते. आतलं बी ताठ कापलं तं पोट्टं वाकन कसं? कोट कुठी फाटते माईत हाये? अस्तर कंजूष असलं का तिथी." मग दोन्हींच्या मध्ये बोटांनी पिंजलेली रुई तिनं पातळ पसरली, वरून कच्चे टाके घातले आणि मग मशीनला हात लावला. बाह्यांना आणि खालच्या काठाला चार-चार बोटं कापड आत दुमडलं. ते बघून आईचा चेहरा उतरला.

"एवढं काऊन दुमडता खाला?"

"पुढच्या हिवाळ्याले सोडाले."

"पुढचा हिवाळा आतापासून नका धरू."

"मंग का एकच धरू?" खाला म्हणाली, आणि मशीन फिरवायला लागली. आई त्या दुमडीकडे कितीतरी वेळ बघत होती.

कोट सुरेख झाला. भिक्याला तो इतका आवडला की अंघोळीलाही काढू देईना. आई मात्र त्याच्याकडे सरळ बघायची नाही. आणि नेमका संक्रांतीच्या आधी त्याला ताप भरला. दोन दिवस झाले, तीन झाले, उतरायचं नाव नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर आई भिक्याच्या कोटाची बटणं काढत होती.  "मी म्हटलं होतं, मी म्हटलं होतं," एवढंच पुटपुटत होती. मी घाबरून भिंतीवर थापा मारल्या. खाला धावत आली. तिनं आईचं मनगट धरलं.

"माह्या पोराचा कोट हाये. हात लावू नको."

"खाला, ते जाईल हो."

"जाईन तं माह्या घरातून जाईन. तुह्या कपाळाले नाही लागनार. सोड."

आईनं बटण सोडलं. खाला तिथेच बसून राहिली, एक हात भिक्याच्या छातीवर आणि दुसऱ्या हातात आईचं मनगट. तिच्या ओठांवर काही चाललं होतं, बहुतेक तिची दुआ. आईची रामरक्षा चालू होती. पाचव्या दिवशी सकाळी भिक्याला घाम फुटला आणि त्यानं गूळभाकर मागितली. आई तेव्हा खालाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मीही रडले, का ते मला आज सांगता येतं, तेव्हा येत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात खालानं दुमड सोडली. भिक्याला पाच पूर्ण झाली त्या दिवशी आईनं पुरण घातलं, खालाला बोलावलं आणि तिची ती ज्वारी जपून ठेवलेलं बोळकं फळीवरून खाली काढलं. बोळकं रिकामं होतं.

ही करामत माझी. गिरणीवाला पायलीखाली दळण घेत नसे. मागे एकदा टोपलीत जरा कमी पडत होतं, म्हणून मी ते बोळकं त्यात पालथं केलं होतं. ती कसली ज्वारी, हे डोक्यातच आलं नाही. आईनं बोळकं उपडं करून झटकून पाहिलं. तेच दाणे परत गेले नाहीत तर मूल सुटत नाही, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं.

खालानं मला विचारलं, "त्याची भाकर झाली?"

"हो."

"भिक्यानं बी खाल्ली?"

"खाल्ली असेल."

"मंग चांगलं झालं." ती आईकडे वळली. "कमल, तू तेच दाने पाहून राह्यली. मी तरी तेच पोट्टं कुठी वापस करून राह्यली? घेतलं तवा मांडीत मावत होतं. आता पाय."

आईनं डोळे पुसले. कोठीतली नवी ज्वारी ओंजळीत घेतली आणि खालाच्या पदरात ओतली. खालानं पदराला गाठ मारली, भिक्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "झालं बाई. तुहं तुले." आणि उठली. जरा घाईनंच उठली.

ती उंबऱ्यापर्यंत गेली असेल. आई उठली, तिनं मागून तिचा पदर धरला, गाठ सोडली आणि त्यातली एक मूठ परत काढून घेतली.

"काऊन वं?" खाला म्हणाली.

"मी अर्धाच सोडवला," आई म्हणाली. "अर्धा राहू द्या तुमच्यापाशी."

इतकी वर्षं रीतीच्या धाकात जगलेली माझी आई. तिनं हे कुठून आणलं, मला माहीत नाही. खाला उंबऱ्यावरच बसली. तिनं विचारलं, "कोनता अर्धा?"

"जेवणारा मला राहू द्या. रडणारा तुम्ही न्या."

"बरं," खाला म्हणाली. "रडनारा चालते मले. त्याले गप कराचं मले जमते."

आणि तसंच झालं. गुडघा फुटला की भिक्या आधी पलीकडच्या घरात जायचा. मॅट्रिकला नापास झाला, तेव्हा निकाल आम्हाला खालाकडून कळला. अकोल्याला नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावर, आई गेल्यावरसुद्धा, नांदुऱ्याला आला की तो आधी तिच्याकडे थोडा वेळ बसून मग आमच्याकडे जेवायला यायचा.

खाला एका उन्हाळ्यात गेली. भिक्या अकोल्याहून एस.टी.नं आला, खांदा दिला, मातीला गेला. परत येऊन आमच्या ओट्यावर बसला, आणि चाळिशी उलटलेला, दोन पोरांचा बाप असलेला हा माणूस हमसून हमसून रडायला लागला. भावजय गोंधळून माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, तुम्ही थोरल्या, जरा समजवा ना त्यांना." मी जागची उठले नाही. रडणारा भिक्या तिचा होता. त्याला गप करायचं तिलाच येत होतं.