काचेवरचा डाग

लोक चपटे टीव्ही घेऊ लागले, तेव्हा मी त्यांचे जुने डबा टीव्ही विकत घ्यायचो. नरपडच्या एका काकू सौदा करताना सारख्या पदरानं काच पुसत होत्या. टीव्ही किती जपला हे पटवायला त्यांनी तो घरी आला त्या दिवशीचा फोटो दाखवला. टीव्हीला झेंडूचा हार, शेजारी त्या आणि मुलं.

भाव पाडायला मी म्हणालो, "काकू, काचेवर तेव्हापासूनच डाग आहे."

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"डाग नाय, भाऊ. काचेत आमचे हे आहेत, फोटो काढताना. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. गेले तेव्हा हार घालायला धड फोटो मिळाला नाय."

मग म्हणाल्या, "टीव्ही राहू दे."

टेम्पो रिकामा परत आणला. राग अजून आहे. पण जुना टीव्ही उचलण्याआधी काचेत कोण दिसतं, ते आता बघतो.