शेजारचा हार

अमरावतीत फ्लेक्स बनवणारा अनुप मेश्राम फावल्या वेळात एक चित्रकादंबरी रचत होता. तिचा नायक कुठल्याही सालात जाई, पण शहराबाहेर त्याला जाता येत नसे. अकोल्याला निघाला की बडनेऱ्यातच अडे. गेल्या दिवाळीत अनुपनं पुढच्या वर्षीचा राजकमल चौक काढला. त्यात फ्लेक्स हवेतच, नाहीतर तो चौक ओळखणार कोण? कॉम्प्युटरमधले हाताशी आलेले फोटो त्यानं गमतीत श्रद्धांजलीच्या हारांत बसवले. पहिला चहावाल्या खुशालरावांचा.

आज त्यांचा मुलगा पियुष दुकानात आला. "भाऊ, बाबा गेले. वाढदिवसाले लावला होता, तोच फोटो टाकजा."

अनुपला दिवाळीत काढलेलं ते चित्र आठवलं. पियुष जाताच त्यानं ते चित्र उघडलं. खुशालरावांच्या शेजारी, निव्वळ जागा भरायची म्हणून, त्यानं बायकोचा, मायाचा फोटो टाकला होता.

त्यानं घाईघाईनं तो पुसला. रिकामा हार मात्र कुणाची तरी वाट पाहत बसल्यासारखा दिसू लागला. अख्खा फ्लेक्सच पुसावा, हे घाबरलेल्या माणसाला कुठून सुचणार? त्यानं तिथं स्वतःचा फोटो लावला, हार नीट मध्यावर आणला, आणि मगच फाइल सेव्ह केली.