शून्य कोणी टाकलं?

आमच्या आकडेवारी विभागात एकेकाळी अकरा माणसं होती. आता दोनच उरलो होतो, मी आणि शंकासुर. शंकासुर म्हणजे आमच्या मॅडम. वय सत्तावन्न, निवृत्तीला दहा महिने. समोर आलेल्या प्रत्येक आकड्याला "तू कुठून आलास?" असं विचारायची त्यांना खोड, म्हणून ऑफिसनं हे नाव ठेवलेलं. पाठीमागं मीही तेच म्हणायचे, हे आधीच कबूल करते.

बाकीच्या नऊ जणांच्या जागी यंत्र आलं. शहरातल्या दोनशे बारा सरकारी दवाखान्यांतून दर सोमवारी रुग्णांचे आकडे येतात, ते मी संगणकात भरते. यंत्र ते वाचून साथ कुठे येईल ते सांगतं आणि लसीची पथकं त्याप्रमाणे फिरतात. यंत्र बसवलं त्या दिवशी मोठ्या साहेबांनी भाषण ठोकलं. "आता अंदाज बांधायला माणूस नको," म्हणाले. मॅडम पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. एकोणतीस वर्षं जिनं या खात्याला अंदाज बांधून दिले, तिच्या तोंडावर हे बोलायला यांची जीभ वळली तरी कशी!

मॅडमना यंत्राचा राग नव्हता. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे सगळ्यांनी तेच पसरवलं. "याला गणित माझ्याहून चांगलं येतं गं," त्या म्हणायच्या. "पण याला कोणी काय भरवलं, ते हा सांगू शकत नाही. ते आपण विचारायचं."

त्या सोमवारी यंत्राची महिन्याची यादी आली. सगळ्यात निरोगी म्हणून उतारावरच्या वस्तीचं नाव पहिलं. ताप शून्य, गोवर शून्य, मृत्यू शून्य, सलग एकोणीस आठवडे. यंत्राच्याच सल्ल्यानं तिथली लसीची फेरी दोन महिन्यांपूर्वी बंद केली होती.

मॅडमनी चष्मा वर केला. "चार हजार लोक, आणि एकोणीस आठवड्यांत एकालाही ताप नाही? तिथं माणसं राहतात की दगड?"

त्यांनी फोन लावला. कोणी उचलला नाही. शेजारच्या दवाखान्यात विचारलं तेव्हा कळलं, की उतारावरच्या नर्सची बदली होऊन साडेचार महिने झाले, तिच्या जागी कोणी आलंच नाही, दाराला कुलूप आहे.

फोन ठेवून मॅडम माझ्याकडे वळल्या. "अहवाल येतच नव्हता, मग हे शून्य कोणी टाकलं?"

"मी." मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "चौकट रिकामी ठेवली तर स्क्रीन पुढे जात नाही, मॅडम. आधीपासून सगळे हेच करत आलेत. मला शिकवलंच तसं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आजारी कोणी नाही आणि बघायला कोणी गेलं नाही, हे दोन्ही तू एकाच आकड्यात भरलंस," एवढंच म्हणाल्या. मग मला वही घ्यायला सांगितली आणि साहेबांच्या खोलीकडे निघाल्या.

तिथं यंत्राच्या कंपनीचा माणूस पाय पसरून बसला होता. त्यानं ती वस्ती नकाशाबाहेर कधी पाहिली नसावी. उंटावरून शेळ्या हाकायचं काम त्याचं. "आमची अचूकता चौऱ्याण्णव टक्के आहे," तो म्हणाला.

"कशाशी ताडून?" मॅडमनी विचारलं.

"तुमच्याच आकड्यांशी."

"म्हणजे पेपरही तुम्हीच काढायचा आणि तपासायचाही तुम्हीच. अशा परीक्षेत मीही पहिली येईन."

साहेब हसले. "मॅडम, दहा महिने राहिलेत. शांतपणे काढा ना. यंत्राचा एवढा राग बरा नाही."

"राग तुमचा आलाय, साहेब. ते बिचारं शिकवाल ते शिकतं. नर्स नाही हे तुम्हाला माहीत होतं, तिच्या बदलीवर सही तुमची आहे. मला वस्तीत जायची परवानगी द्या आणि लसीचं पथक परत पाठवा."

"लेखी द्या. बघू."

सोमवारी लेखी दिलं. बुधवारी दिलं, शुक्रवारी पुन्हा दिलं. उत्तर नाही. शनिवारी सुट्टी होती. मॅडम सकाळी बसस्टॉपवर उभ्या होत्या आणि मीही.

मला वाटलं, जी दारं उघडी दिसतील तिथं विचारू आणि परत येऊ. मॅडम माझ्यावर भडकल्या. "उघडी दारं सगळ्यांनाच सापडतात. बंद दारामागं काय आहे ते कोण मोजणार?" त्यांनी चिठ्ठी टाकून पहिलं घर ठरवलं आणि तिथून दर सातवं घर घेतलं. सातवं घर चढावर असलं तरी तेच, दारात कुत्रं गुरगुरत असलं तरी तेच. गुडघ्यावर हात टेकत चढत होत्या, पण सहाव्यावर भागवलं नाही. चाळीस घरं झाली. तेवीस मुलांना गोवर होऊन गेला होता किंवा अजून अंगावर होता.

एकतिसाव्या घरी एक बाई कपडे वाळत घालत होती. घरात मुलं किती, असं मॅडमनी विचारलं. "एक," ती म्हणाली. मग हातातला फ्रॉक तसाच धरून म्हणाली, "दोन होती." धाकटी दोन वर्षांची. अंगावर पुरळ उठलं, मग छाती भरली. दवाखान्याला कुलूप. मोठ्या इस्पितळात नेताना वाटेतच गेली. त्याला चार आठवडे झाले होते.

"तुम्ही सरकारातून आलात ना?" तिनं विचारलं. "तुमच्या कागदावर आहे का माझी लेक?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्याबद्दल मी जन्मभर त्यांची ऋणी राहीन. मी मनातल्या मनात आठवडे मोजले. पंधरावा आठवडा. कुठल्याशा सोमवारी चहाच्या आधी उरकून टाकलेला.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "आमची चूक झाली. आता लिहितो."

सोमवारी मॅडमनी चाळीस घरांची यादी साहेबांच्या टेबलावर आपटली. मग धावपळ झाली. मंगळवारी पथक गेलं, दवाखाना उघडला, पुढची मुलं वाचली. आणि गुरुवारी कंपनीनं पत्रक काढलं की यंत्रामुळे साथ वेळेत लक्षात आली! वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दिवशी मॅडमना मेमो मिळाला: विनापरवानगी पाहणी का केली, याचा खुलासा करा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

खुलासा मॅडमनी सांगितला आणि मी टाइप केला. "परवानगी तीनदा मागितली. उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही म्हणजे नकार आला, असं मी धरत नाही."

शेवटचे महिने त्यांनी खालच्या मजल्यावरच्या गोदामात, जुन्या फायलींच्या राशीत काढले. आता वर मी एकटीच आहे. अहवाल आला नाही तर मी चौकट भरत नाही. स्क्रीन अडून राहते, साहेबांचे फोन येतात, मी दवाखान्यांना फोन करत बसते.

पंधरावा आठवडा दुरुस्त करायचा मी सहा वेळा प्रयत्न केला. दर वेळी एकच उत्तर येतं, की जुना आठवडा बंद झाला आहे, त्यात बदल करता येणार नाही. यंत्र दर महिन्याला तो आठवडाही वाचतं आणि त्यावरून शिकतं. उतारावरची वस्ती, मृत्यू शून्य. माहिती भरणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव आहे.