पल्याडच्या कोंडाकडचा कर्णा

हरी आमच्या पोलादपूरचा स्पीकरवाला. लग्न, पूजा, उत्सव, निवडणूक, कुठेही कर्णा लागला की हरीला सांगावा जायचा. मी स्टँडवर हमाली करायचो आणि हंगामात त्याच्याबरोबर जायचो. सामान उचलणं आणि झाडावर चढून कर्णे बांधणं हे माझं काम. बाकीचं सगळं तो बघायचा.

सामान म्हणजे दोन कर्णे, आवाज वाढवणारं मशीन, टेप, कॅसेटची पेटी, वायरचं वेटोळं आणि ट्रकची बॅटरी. आंबेनळीच्या बाजूच्या वाड्यांना गाडीचा रस्ता नव्हता. फाट्यावर उतरायचं आणि चढायचं. कर्णा हलका असतो, पण अंगावर बसत नाही, झुडपात अडकतो. बॅटरी जड असते, पण डोक्यावर नीट बसते. मला बॅटरी बरी वाटायची. फक्त ती कलंडू द्यायची नाही. कलंडली की आतलं पाणी खांद्यावर सांडतं, सदरा जळतो आणि मग कातडी.

हरी बारीक अंगाचा, कमी बोलणारा. त्याची बायको आनंदीबाई म्हणायची, "गावाला ओरडून ऐकवतो, घरात तोंड उघडत नाय." त्याला गाण्याची फार आवड होती असं मला कधी दिसलं नाही. गाणं लागलं की तो मशीनला हात लावून बघायचा, तापलंय का. पण कर्णा बांधण्यात तो कोणाला सूट देत नसे. मी वर, तो खाली.

"सोम्या, तोंड जरा खाली."

"खालीच हाय."

"बोटभर आणिक. त्या डोंगरावर आपटतोय आवाज. फांदी तोड ती पुढली."

"एवढीशी फांदी काय करील रे?"

"पाला आवाज खातो. तोड."

मी तोडायचो. आवाज खरंच मोकळा व्हायचा.

ही हकीकत जांभूळकोंडची आहे. कोंड म्हणजे डोंगरातली दहा-वीस घरांची वस्ती. जांभूळकोंडच्या समोर, दरीच्या पलीकडे, बोरकोंड. डोळ्यांना समोर दिसतो, माणसं मुंगीएवढी दिसतात. पण जायचं तर नदीपर्यंत उतरायचं आणि पुन्हा चढायचं. अर्धा दिवस जातो.

त्र्याण्णव साली जांभूळकोंडच्या प्रयागबाईच्या मुलीचं, रखमाचं, लग्न बोरकोंडात ठरलं. प्रयागबाईचा नवरा आधीच वारलेला. लग्न मुलीकडे होतं. कर्णा हरीचा. वऱ्हाडातली माणसं सकाळपासून गाण्यांची फर्माईश करत होती आणि हरी लावत होता. दुपारनंतर टेप ओढायला लागला. गाणारीचा आवाज बाप्यासारखा जाड आला. बॅटरी उतरत होती. हरीने गाणी बंद केली आणि राहिलेली बॅटरी माइकसाठी ठेवली, कारण मानाचे फेटे बांधायचे होते आणि नावं पुकारायची होती.

तो नावं पुकारत गेला. नवरदेवाच्या मामाचं नाव आलं आणि कर्णा बंद पडला. हरीने तोंडाने हाक मारली. मामा मांडवाच्या पार मागे, फणसाखाली बसलेला. मांडवात गलका. त्याला ऐकू गेलं नाही. पुढच्या माणसाला फेटा बांधला गेला आणि मामा उठून उभा राहिला.

"मला इथं पाव्हना म्हणून आणलाय का वाटसरू म्हणून?"

हरी पुढे गेला. "तुमचंच नाव घेतलं मामा. बॅटरी उतरली."

"सगळ्यांच्या नावाला चालली आणि माझ्याच नावाला उतरली? चांगली शिकवलेली हाय तुजी बॅटरी."

लोक हसले. हसायला नको होतं. मग फेटा आणला तर मामाने तो घेतला नाही. लग्न लागलं, मुलगी गेली. पाठवणीला हरीने टेप ट्रांझिस्टरच्या सेलवर चालवला, बारीक आवाजात, सासरी निघालेल्या मुलीचं एक गाणं. ते रखमाने ऐकलं. त्यानंतर बोरकोंडच्या लोकांनी तिला माहेरी पाठवलं नाही. प्रयागबाईने दोनदा माणसं पाठवली. मामाने सांगितलं, आधी तुमचा कर्णा दुरुस्त करा.

त्या दिवसापासून हरी दोन बॅटऱ्या न्यायला लागला. दुसरी माझ्या डोक्यावर आणि पहिली त्याच्या. इतर सामानाला मग गावातला एखादा माणूस धरायचा. मी एकदा म्हणालो, दुसरी कधी लागत तर नाही. तो म्हणाला, "लागंल तेव्हा खाली कोण येणार आणायला?"

जांभूळकोंडच्या देवीचा उत्सव चैत्रात असतो. लग्नानंतरच्या पहिल्या उत्सवाला आम्ही कर्णे बांधत होतो तेव्हा प्रयागबाई झाडाखाली येऊन उभी राहिली.

"हरी, यातला एक कर्णा तिकडं तोंड करून बांधशील का रे?"

"कुठं?"

"बोरकोंडाकडं. पाठवणीला लावलेलं ते गाणं लाव. ती वळखंल."

हरीने मला वर हात करून दाखवलं. मी दोर सोडला, कर्णा फिरवला, पुन्हा बांधला. त्याने मला चार वेळा सरकवायला लावलं. दरीवरून आवाज न्यायचा तर वारा उठायच्या आत न्यावा लागतो. ऊन डोंगरावरून खाली आलं की वारा सुटतो आणि आवाज भलतीकडे जातो. म्हणून सकाळीच, देवीच्या आरतीच्या आधी.

ते गाणं कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला मधेच होतं. टेपवर पुढे पळवलं तर बॅटरी खाते. हरीने कॅसेटच्या दातेरी चाकात पेन घातला आणि हाताने फिरवत राहिला. फिरवायचा, लावून बघायचा, काढायचा, पुन्हा फिरवायचा. प्रयागबाई उकिडवी बसून बघत होती. गाणं सापडलं, लावलं, संपलं. मी झाडावरच होतो.

थोड्या वेळाने समोर बोरकोंडात, एका घरामागच्या पेंढ्याच्या उडवीवर, तांबडा ठिपका दिसला. कोणीतरी लुगडं वाळत टाकलं होतं. उडवीवर कोणी लुगडं वाळत टाकत नाही, पेंढा चिकटतो.

"काकी, तांबडं काय तरी हाय उडवीवर," मी वरून सांगितलं.

"तिच्या लग्नातलं हाय," प्रयागबाई म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

एवढंच. दर वर्षी एवढंच. उत्सवाची सकाळ, एक कर्णा बोरकोंडाकडे, ते गाणं, आणि मी झाडावरून सांगायचं की लुगडं आलं. पुढे प्रयागबाईला लांबचं दिसेना, तेव्हा तर माझ्याच सांगण्यावर होतं. मी कधी खोटं सांगितलं नाही. तशी वेळ आली नाही. गावालाही ते अंगवळणी पडलं होतं. गाणं लागलं की बायका हातातलं काम ठेवायच्या. वर्षातून एकदाच ऐकायचं असल्याने त्यांना ते पूर्ण पाठ नव्हतं, आणि पूर्ण पाठ नसल्याने त्या गप्प राहून ऐकायच्या.

दोन हजार चार साली गावचं मंडळ महिपतीच्या हातात आलं. महिपती प्रयागबाईचा पुतण्या, मुंबईला कंपनीत होता. तोवर गावात वीज आली होती आणि कच्चा रस्ताही झाला होता. त्याने महाडहून स्पीकरचे बॉक्स आणले. माणसाएवढे दोन काळे बॉक्स, आणि एक चकती, जिच्यात दीडशे गाणी. आम्हाला सांगावा आला नव्हता. नेहमीचंच काम म्हणून आम्ही सवयीने गेलो, तर देवळापुढे बॉक्स वाजत होते. जमीन हादरत होती. छातीत धडधडत होतं.

"हरीकाका, आता कर्ण्याचा जमाना गेला," महिपती म्हणाला. "तुमचा कर्णा नुसता किंचाळतो. याचा बेस बघा."

"बैल हाय तुजा," हरी म्हणाला. "जागच्या जागी डुरकतो. दरी वलांडतो का?"

"दरी कशाला वलांडायची? ऐकणारे इथं हायत."

ते खरंच होतं. ऐकणारे तिथे होते. पण ऐकत कोणी नव्हतं. कोणी बोलत होतं तर ओरडून. एक गाणं सुरू झालं की पोरं म्हणायची, हे नको, पुढलं लाव, आणि अर्ध्यावर पुढलं लागायचं. चकतीत ते गाणंही होतं. महिपतीने काकीसाठी लावलं. बॉक्समधून ते मोठं आलं. मी देवळामागच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. तिथेच ते निम्मं झालं होतं. शेवटच्या घराशी नुसती धडधड. समोरच्या उडवीवर काही आलं नाही. प्रयागबाईने मला विचारलं, आणि मी नाही म्हणालो.

"लावलं तर होतं," ती म्हणाली.

"लावलं, पण गेलं नाय," हरी म्हणाला.

पुढच्या वर्षी हरी न बोलावता गेला. मीही गेलो. एक कर्णा, मशीन, टेप आणि दोन बॅटऱ्या. गावात वीज असताना बॅटऱ्या कशाला, असं मी विचारलं नाही. आदल्या रात्री वादळ झालं होतं आणि सकाळी वीज नव्हती. महिपतीचे बॉक्स मुके उभे होते. मी झाडावर चढलो. वय झालं होतं. कर्णा बांधला. हरीने पेनाने कॅसेट फिरवली. फीत जुनी झाली होती, गाणं मधे मधे बुडत होतं. पण दरीवरून गेलं. बायकांनी काम ठेवलं. लुगडं यायला वेळ लागला, पण आलं.

"आलं काकी."

ती बराच वेळ तिकडे बघत राहिली. तिला दिसत नव्हतं.

पुढची दोन वर्षं तसंच केलं. सकाळी हरीचा कर्णा एका गाण्यापुरता, मग बॉक्स. महिपती हसायचा, पण अडवायचा नाही. पोलादपुरात हरीचं काम जवळजवळ थांबलं होतं. निवडणुकीला आणि कोणी हरवलं तर रिक्षावर पुकारायला तेवढं बोलवायचे.

मग समोरच्या डोंगरावर टॉवर उभा राहिला. रखमाचा नवरा बिरवाडीच्या कारखान्यात लागला होता. त्याने तिला मोबाईल घेऊन दिला. महाडच्या दुकानात त्यात गाणी भरून मिळायची, चकतीपेक्षा जास्त, नखाएवढ्या कार्डात. मानपानवाला मामा तोवर वारला होता. रखमाला कोणी अडवत नव्हतं आणि ती येतही नव्हती. पंधरा वर्षं न येण्याची सवय झाली होती. आता मायलेकी फोनवर बोलायच्या. महिपतीने काकीला जुना मोबाईल दिला होता. हिरवं बटण तेवढं दाबायचं, हे तिला शिकवलं होतं.

दोन हजार आठच्या उत्सवाला आम्ही गेलो. मी कर्णा बांधला. वारा नव्हता, आवाज स्वच्छ गेला. गाणं संपलं. मी समोर बघत राहिलो. उडवी रिकामी होती. हरीने कॅसेट काढली, पेनाने मागे फिरवली आणि पुन्हा लावली. असं त्याने आधी कधी केलं नव्हतं. तरी काही आलं नाही.

"काय रे सोमा?" प्रयागबाईने विचारलं.

"काय नाय काकी."

तिने कनवटीचा मोबाईल काढला आणि हिरवं बटण दाबलं. पलीकडचं बोलणं खाली उभ्या हरीलाही ऐकू येत होतं. मी उतरत होतो.

"रखमे, ऐकलंस का गो?"

"काय?"

"गाणं. हरीनं लावलं ना आता."

"आज हाय होय उत्सव? कानात वायर होती गो आई. गाणीच ऐकत व्हते. भाकऱ्या टाकताना घालते मी."

"तेच होतं. पाठवणीचं."

"ते हाय माज्या मोबाईलात. भरून घेतलंय मागंच."

"मग ऐकतेस?"

"राहून जातं. हाय ना, कवापण लागंल."

"बरं," प्रयागबाई म्हणाली. "जेवलीस का?"

"आता जेवीन. तू?"

"मी पण."

तिने मोबाईल परत कनवटीला लावला. हरीकडे वळून म्हणाली, "हाय म्हणते तिच्याकडं."

"मग बरं झालं," हरी म्हणाला.

"तुमी पुढल्या वर्षाला कशाला चढता एवढं? तिच्याकडं हाय."

हरीने मला कर्णा उतरवायला सांगितला. मी पुन्हा चढलो. एका दिवसात दोनदा झाडावर चढायचं वय नव्हतं, पण दुसरं कोण चढणार. दोर सोडला, कर्णा खाली दिला. देवळापुढे बॉक्स सुरू झाले. आम्हाला चहा मिळाला. प्रयागबाईने दोघांच्या पिशव्यांत तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या. ती बरी दिसत होती. मुलीचा आवाज ऐकला होता.

आम्ही रस्त्याने न जाता जुन्या पायवाटेने उतरलो. हरीची तीच सवय. अर्ध्यात एक सपाट धोंडा आहे, ओझं टेकवायला बरा. तिथून दोन्ही कोंड दिसतात. आम्ही बॅटऱ्या टेकवल्या आणि भाकरी खाल्ली. बॉक्सचा आवाज तिथपर्यंत येत नव्हता. हरी बोरकोंडाकडे बघत नव्हता. तो टेपमधून कॅसेट काढून फीत ताणलीय का बघत होता.

"सोम्या," तो म्हणाला, "पुढल्या टायमाला एकच बॅटरी."

मी बरं म्हणालो. उठलो, एकमेकांना ओझं उचलून दिलं आणि निघालो.

पुढचा टायम आला नाही. पुढल्या उत्सवाला कोणी बोलावलं नाही आणि हरीही निघाला नाही. कर्णे त्याने एका जीपवाल्याला दिले, प्रचाराला. तीनेक वर्षांनी हरी वारला. आनंदीबाईला भेटायला गेलो तेव्हा ती दुसरी बॅटरी ओटीच्या कोपऱ्यात होती. आतलं पाणी सुकलं होतं. उचलून बघितली. जडच होती. ठेवली परत.